डोके लावून हरण्याची विद्या

‘डोके लावून खेळणारा कॅसिनोत बुडत नाही,’ हे वाक्य अलीकडे आमच्या कानी वारंवार पडते. गोव्याची सहल आटोपून, मांडवीतल्या कॅसिनो-बोटीवर एक रात्र घालवून परतलेली आमची शिकलीसवरलेली मुले ते मोठ्या विश्वासाने उच्चारतात. बोटींवरील झगमगाटाशी आमचे आज भांडण नाही. भांडण आहे ते या वाक्याशी.

थ्री कार्ड पोकर हाच खेळ घेऊ. रुलेटच्या मानाने हा कालचा पोर. डेरेक वेब या इंग्रज पोकरपटूने तो १९९४ साली रचला. लग्नघरी आदल्या रात्री रंगणाऱ्या तीन पत्तीशी त्याचे जवळचे नाते आहे, म्हणून तो आपल्याला परका वाटत नाही. परंतु तीन पत्तीत एकाचे गेलेले दुसऱ्याच्या खिशात, म्हणजे त्याच मांडवात राहते (तेही आम्हांस प्रिय आहे असे नव्हे). येथे समोर मालकाचा डीलर बसलेला असतो. आधी ‘अँटी’ लावायची, तीन पाने पाहायची, मग ती रक्कम सोडून द्यायची किंवा तेवढीच पुन्हा लावायची. खेळाडूच्या हाती निर्णय काय तो हा एकच.

या निर्णयाची किंमत गणिताने ठरलेली आहे. पाने न पाहता प्रत्येक डाव खेळणाऱ्याच्या अँटीतून मालकाच्या पदरी सरासरी ७.६५ टक्के पडतात. याला ते हाउस एज म्हणतात. निदान राणी असेल तरच खेळावे, एवढे पथ्य पाळले की तो वाटा ३.४५ टक्क्यांवर येतो. आणि आमची मुले जो मंत्र घोकतात, ‘राणी, सहा, चार किंवा त्याहून वरचढ’, त्याने होतो ३.३७. दहा हजारांच्या अँटीमागे आठ रुपये वाचले! शून्य मात्र तो कशानेही होत नाही.

आता मालकाचे डोके पाहा. त्याच टेबलावर ‘पेअर प्लस’ नावाची आणखी एक पैज असते. तीत खेळाडूला निर्णयच नाही; जोडी किंवा अधिक आली तर पैसे, नाही तर गेले. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात, त्यांपैकी १,०९६ नुसत्या कलरचे. कलरला एकास चार मिळत, तेव्हा मालकाचा वाटा २.३२ टक्के होता. पुढे अनेक टेबलांवर चाराच्या जागी तीन छापले गेले आणि तो ७.२८ टक्के झाला. एक आकडा बदलला, दहा हजारांमागे ४९६ रुपये अधिक गेले. आठ रुपये वाचवणारा हुशार, तर त्याला काय म्हणावे?

यावर उत्तर मिळते, की करमणुकीची किंमत मोजावीच लागते. मान्य. पण नाटकाच्या तिकिटावर किंमत छापलेली असते. हजाराची अँटी आणि तासाला पन्नास डाव धरले, तर निर्दोष खेळणाराही सरासरी १,६८५ रुपये तासाला देतो. हे तिकीट कोणत्या खिडकीवर लिहिलेले आहे? कापडावर जिंकणाऱ्याला काय मिळेल ते ठळक असते. मालकाला काय उरेल ते नसते. ते टक्के टेबलावर छापण्याची सक्ती व्हावी, ही आमची मागणी आहे.

आणि ती कोणा सोवळ्या माणसाची चिडचिड समजू नये. खुद्द वेब यांनी पुढे आपला पैसा ब्रिटनमधील सट्ट्याच्या यंत्रांविरुद्ध लढण्यात घातला. एका वेळी लावायची कमाल रक्कम तेथे एप्रिल २०१९ मध्ये शंभर पौंडांवरून दोन पौंडांवर आली.

महाराष्ट्राने १९७६ चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ साली रद्द केला. ठीक झाले, परंतु मांडवी येथून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. तेव्हा मुले परततील त्या वेळी आईवडिलांनी त्यांना एवढेच विचारावे, की कलरसमोर तीन छापले होते की चार. आम्ही ज्यांना विचारले, त्यांपैकी एकालाही ते आठवले नाही.