एकसारख्या होड्या, सारखे पाणी

चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियातून आपणांस होड्यांच्या शर्यतीची गोष्ट सांगावी, हे वाचकहो, आपणांस थोडे विचित्र वाटेल. ल कॉर्बुझिए यांनी या नगराला मानवी देहाची उपमा दिली. कॅपिटॉल हे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय आणि कारखान्यांचा हा भाग म्हणजे पोटातील इंद्रिये. परंतु कष्ट करणाऱ्यांनाही विसावा हवाच. तो येथील कुटुंबांना सुखना तलावाच्या काठी मिळतो. शिवालिकच्या डोंगरांतून येणारा सुखना हा पावसाळी ओढा १९५८ साली अडवून हा तलाव निर्माण झाला. पिअर जानरे यांनी त्यासाठी पायांनी चालविण्याच्या होड्यांचे आराखडे केले. १९६७ साली त्यांचे निधन झाले व पुढे त्यांच्या अस्थी याच पाण्यात विसर्जित करण्यात आल्या.

शिडाच्या होड्यांची शर्यत हा धनिकांचा खेळ, अशी आपली समजूत असते. ज्याची होडी महाग, तो पुढे! यावर १८८७ साली डब्लिनजवळच्या काही हौशी मंडळींनी साधा उपाय काढला. सर्वांनी एकाच आराखड्याच्या होड्या बांधावयाच्या. 'वॉटर वॅग' हा त्या होड्यांचा वर्ग. होडीचा आकार व शीड सारखे असले, की वाऱ्याची पारख, सुकाणूवरचा हात आणि दोघांचा मेळ यांवरच जय ठरतो. पैशाची थैली काठावरच राहते.

पुढे १९६२ साली जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी 'मिरर' ही छोटी होडी आखली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचावयाचे, सांधे काचतंतूंची पट्टी व राळ यांनी बुजवावयाचे, की होडी तयार. घरच्या अंगणात वडील व मुले मिळून ती बांधू शकत. सुकाणू आईच्या हाती, पुढचे लहान शीड मुलाकडे, अशी ही कौटुंबिक शर्यत! आपल्याकडेही १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत मुंबईच्या समुद्रावर फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी 'फायरबॉल' या एकसारख्या होड्यांच्या वर्गात सुवर्णपदक मिळविले.

परंतु होडी सारखी असून काय उपयोग, पाणीच उरले नाही तर? डोंगरांची माती वाहून येऊन सुखना झपाट्याने गाळाने भरू लागला. उपाय सापडला वरच्या अंगास, सुखोमाजरी या लहानशा गावी. १९७० नंतरच्या दशकात तेथे मातीचे छोटे बांध घातले गेले. त्यांतील पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा, अगदी भूमिहीनाचाही, सारखाच हक्क मानण्यात आला. मग गावकऱ्यांनी आपण होऊन डोंगरावरील मोकाट चराई थांबविली. गवत वाढले, झाडे तगली आणि माती जागच्या जागी राहू लागली.

शर्यतीत सर्वांना सारखी होडी आणि गावात सर्वांना सारखे पाणी, या दोहोंमागील तत्त्व एकच नव्हे काय? ज्याला आपला वाटा न्यायाचा वाटतो, तोच नियम मनापासून पाळतो.

आपल्या गावीही एखादा तलाव असेल. मुलांना प्रथम पोहावयास शिकवा, अंगात तरंगजाकीट घालूनच होडीत बसवा. आणि परतताना त्यांना एकदा तरी विचारा, हे पाणी कोणत्या डोंगरावरून येते?