गाजरगवताची किंमत कोण मोजतो?

पावसाळा ओसरू लागला की भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक पांढरा बहर येतो. बंद पडलेल्या कारखान्यांची आवारे, वर्षानुवर्षे रिकामे पडलेले भूखंड, रस्त्यांच्या कडा आणि कुंपणाच्या तारा या साऱ्यांना हा बहर व्यापून टाकतो. दुरून पाहणाऱ्यास तो शोभिवंतही वाटेल. परंतु रिकाम्या भूखंडाची राखण करणारा पहारेकरी, रस्ता झाडणारा सफाई कामगार आणि कारखान्याच्या बागेत राबणारा माळी यांना त्याची ओळख निराळ्या प्रकारे पटते. पापण्या सुजतात, मानेवर व कोपरांच्या खोबणीत चट्टे उठतात, खाजेने रात्रीची झोप उडते. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नाना नावांनी ओळखले जाणारे हे तण केवळ शेतीचा शत्रू नव्हे. ते एका चिवट त्वचारोगाचे उगमस्थानही आहे.

या रोगाचा पुणे परिसराशी असलेला संबंध जुना आहे. मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील हे झाड 1950 च्या दशकाच्या मध्यास पुण्यात नजरेस आले आणि 1956 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. ‘पी.एल. 480’ कराराखाली आलेल्या अमेरिकी गव्हाबरोबर ते भारतात शिरले, हा समज सर्वत्र रूढ आहे. मात्र तो करार भारताने ऑगस्ट 1956 मध्ये केला, आणि झाड त्यापूर्वीच पुण्यात दिसू लागले होते. अमेरिकी गहू 1951 च्या कर्जाखालीही आलेला असल्यामुळे गव्हावरचा संशय अगदीच निराधार ठरत नाही. पण आरोपपत्रातील कलम चुकीचे आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

तण पसरले आणि त्यापाठोपाठ रुग्णही वाढले. ही खाज कशाची, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध ज्यांनी घेतला त्यांत पुण्याचे डॉ. लोणकर अग्रभागी होते. कॅनडातील मिशेल आणि लंडनचे कॅलनन यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला शोधनिबंध 1974 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. गाजरगवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाच्या अभ्यासातील तो एक मूलभूत निबंध मानला जातो. झाडाच्या सूक्ष्म लवेत ‘पार्थेनिन’ नावाचे द्रव्य असते. झाड वाळले की तिचा चुरा वाऱ्याबरोबर उडतो आणि उघड्या त्वचेवर बसतो. पहिल्या स्पर्शातच रोग होतो असे नाही. महिने किंवा वर्षे संपर्क घडत राहतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखू लागते आणि मग अल्पशा धुळीनेही त्वचा पेटून उठते. एकदा जडलेली ही संवेदनशीलता सहसा जन्मभर सुटत नाही. पुढे काही रुग्णांना सूर्यप्रकाशही सोसेनासा होतो. उन्हात काम करून पोट भरणाऱ्या माणसाला ऊनच वर्ज्य व्हावे, याहून मोठे आर्थिक संकट कोणते?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बाह्य परिव्ययाचा नमुनेदार दाखला होय. भूखंड ज्याच्या ताब्यात असतो त्याला गवत न काढण्याचा कसलाही खर्च पडत नाही. एक झाड 15,000 हून अधिक बिया टाकू शकते. त्या वारा, पाणी आणि मालमोटारींच्या चाकांबरोबर शेजारी जातात. वाचलेला पैसा एकाच्या खिशात राहतो आणि औषधांचा खर्च, बुडालेली मजुरी व मोडलेली झोप दुसऱ्याच्या वाट्याला येते. बाजारात या व्यवहाराची किंमत कोठेच ठरत नाही. म्हणून तो कोणाच्याही हिशेबवहीत दिसत नाही.

कायद्याच्या वहीतही तो पुरता उतरलेला नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने सूचनायोग्य व्यावसायिक रोगांची जी यादी दिली, तीत संपर्कजन्य त्वचादाहाचा उल्लेख होता. पण तो रसायने व रंग यांच्या प्रत्यक्ष संपर्काशी जोडलेला होता. यंत्रावर काम करणाऱ्याला तेलाने किंवा क्रोमियमने झालेला रोग डॉक्टरने कळवावा, ही त्यामागची अपेक्षा होती. तीही पुष्कळदा कागदावरच राहिली. गवताने गांजलेला पहारेकरी तर त्या चौकटीत बसतच नव्हता. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. रोगांची नोंद करण्याचे तत्त्व तिने सोडलेले नाही, तेव्हा हे प्रश्न पुन्हा मांडण्यास हीच योग्य वेळ आहे. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ वर्षातून 91 दिवसांपर्यंत, वेतनाच्या 70 टक्के दराने मिळत आला आहे. दर मोसमात उलटणाऱ्या रोगाला ही मुदत अपुरी पडणे स्वाभाविक आहे. कंत्राटी कामगार बहुधा त्या लाभापर्यंत पोहोचतच नाही. तो औषधाच्या दुकानात जातो.

दुकानात त्याला मिळते ते स्टिरॉइडचे मलम. दोन दिवसांत खाज थांबते आणि हेच औषध खरे, अशी त्याची खात्री होते. दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, बुरशीजन्य रोग बळावतो आणि औषध थांबवताच मूळ दुखणे उसळून येते. 2018 मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. पण नियम झाल्याने सवय बदलत नाही. डॉक्टरकडे जाण्यात अर्ध्या दिवसाची मजुरी जाते आणि मलम काही रुपयांत मिळते, तोवर गरीब माणूस जी निवड करतो तिला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

येथेच रुग्णाधारित संशोधनाचे महत्त्व ध्यानात येते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञांनी ‘अ‍ॅझाथायोप्रिन’ हे जुने औषध गाजरगवताच्या रुग्णांवर पद्धतशीरपणे तपासले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत ते पोटात घ्यावयाच्या स्टिरॉइडइतकेच गुणकारी ठरले; मात्र रोग उलटण्याचे आणि दुष्परिणामांचे प्रमाण स्टिरॉइड घेणाऱ्यांत अधिक आढळले. पुढे रोज 100 मिलिग्रॅम देण्याऐवजी आठवड्यातून एकदाच 300 मिलिग्रॅम दिल्यास चालेल काय, याचीही परीक्षा झाली आणि उत्तर अनुकूल आले. रोजच्या सात गोळ्यांच्या जागी आठवड्याला तीन! ज्याला पगाराच्या दिवसापर्यंत पैसे पुरवावे लागतात, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. अर्थात हे औषध निर्धोक नाही. रक्तपेशी व यकृत यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. म्हणजेच ते दुकानातून घ्यावयाचे औषध नव्हे. त्यासाठी जवळ दवाखाना हवा.

अशी चाचणी एखाद्या औषध कंपनीने केली असती काय? ज्यांच्या नावाशी या औषधाचा शोध निगडित आहे, ते हिचिंग्ज आणि एलियन 1988 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. परंतु औषधाचे पेटंट कधीच संपले आहे. जुन्या औषधाचा खप आठवड्याला सात गोळ्यांवरून तीनवर यावा, म्हणून कोणता उद्योजक पैसे खर्च करील? ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो आणि नफा कोणालाच होत नाही, ते ज्ञान सार्वजनिक पैशातूनच निर्माण होते.

भोसरीच्या परिसराला हा विचार परका नाही. शेजारच्या पिंपरीत 1954 साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीनाशक ‘हॅमायसिन’ शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरीचे नाव गुंफलेले आहे. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतच स्थापन झाली. फेब्रुवारी 2005 मध्ये एचआयव्ही लसीची भारतातील पहिली मानवी चाचणी तिने सुरू केली. त्या लसीला यश लाभले नाही. परंतु लवकर सुरू केलेल्या उपचारांनी जोडीदाराला होणारा संसर्ग कमालीचा घटतो, हे 2011 मध्ये सिद्ध करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्यातील रुग्णांचाही सहभाग होता. सामान्य माणसाला त्याच्या भाषेत समजावून, त्याची संमती घेऊन उच्च दर्जाचे संशोधन या वसाहतीत होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

क्षय, कर्करोग यांसारखे प्राणघातक रोग समोर असताना खाजेसाठी पैसा का वेचावा, असा आक्षेप येईल. त्वचारोगाने माणूस सहसा मरत नाही, हे खरे. पण तो काम सोडतो, धंदा बदलतो, कमी मजुरीवर सावलीतले काम पत्करतो. मृत्यूंच्या आकड्यांत न दिसणारी ही हानी वर्षानुवर्षे साचत जाते. गवत उपटले की प्रश्न मिटेल, हा दुसरा आक्षेप. गवत उपटलेच पाहिजे. मात्र आज ते उपटतो तो सफाई कामगार, तेही पुष्कळदा फुलोरा आल्यावर आणि उघड्या हातांनी. अशी मोहीम म्हणजे नवे रुग्ण तयार करण्याचा कारखानाच.

करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. भूखंडधारकाने फुलोऱ्यापूर्वी गवत काढावे, न काढल्यास औद्योगिक महामंडळाने ते काढून खर्च त्याच्याकडून वसूल करावा. काढणाऱ्याला हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व तोंडावर फडके मिळावे. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. तेथे आठवड्यातून एक दिवस व्यावसायिक त्वचारोगांसाठी राखून ठेवता येईल. पाठीवर 48 तास पट्ट्या चिकटवून रोगाचे कारण शोधण्याची चाचणी शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे आणि तिला अवजड यंत्रे लागत नाहीत. पट्ट्यांच्या त्या दोन दिवसांची मजुरी भरून देण्याची व्यवस्था मात्र हवी. अन्यथा कामगार येणार नाही. अशा नोंदी दोन-तीन वर्षे नीट ठेवल्या, तर गवताने किती, सिमेंटने किती आणि यंत्राच्या तेलाने किती माणसे आजारी पडतात याचे उत्तर मिळेल आणि कोणती चाचणी हाती घ्यावी हेही ठरेल.

1974 साली पुण्याने या रोगाचे कारण जगापुढे मांडण्यात पुढाकार घेतला. त्यानंतर अर्धशतक उलटूनही ते गवत भोसरीच्या भूखंडांवर निर्वेध फुलावे, याची जबाबदारी निसर्गावर ढकलता येणार नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका, महामंडळ आणि कारखानदारांच्या संघटना यांनी एकत्र बसून वरील खर्चाची वाटणी केली, तर निदान तो खर्च रात्रभर अंग खाजवीत बसलेल्या पहारेकऱ्याच्या माथी तरी राहणार नाही.