अब्बांची चेतक

गेल्या महिन्यात आमची चेतक गेली. 'विकली' असं अब्बा म्हणत नाहीत, 'गेली' म्हणतात. १९९१ साली प्राथमिक शिक्षकाच्या पगारात, सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली स्कूटर. एका अंगाला झुकवायची, चोक ओढायचा, मग किक. तिसऱ्या किकेला सुरू झाली की अम्मी आतून म्हणायची, "आज मूड बरा आहे."

ईदला आम्ही चौघं तिच्यावर बसून निघायचो. पुढे मी उभा, मध्ये बहीण, मागे अम्मी, तिच्या मांडीवर शीरखुर्म्याचे डबे. ईदगाहचा नमाज झाला की डबे वाटत गावभर फेरी. शेजारच्या काकूंना बाळंतपणासाठी रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं तेही याच गाडीवर. गल्लीत दुसरी गाडीच नव्हती. तो मुलगा आता पुण्यात नोकरी करतो आणि भेटला की आधी स्कूटरची चौकशी करतो, मग आमची.

तरीही गाडी काढा, असं मीच तीन वर्षं म्हणत होतो. जुन्या वस्तूंचं कौतुक करताना आपण त्यांचा धूर विसरतो. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. सुरू केली की अंगणभर निळा धूर. घरात दम्याची भाची आहे. ती खोकायला लागली की अब्बा गाडी बंद करून गुपचूप आत जायचे. कायदा काही तुमची गाडी ओढून नेत नाही. खासगी गाडीची पंधरा वर्षं झाली की तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दुचाकीची ही फी एप्रिल २०२२ मध्ये तीनशेची हजार झाली होती, वर पर्यावरण कर. ज्याची गाडीच काही हजारांची, त्याला हे जड जातं. पण अब्बांनी तेही भरलं असतं. भाचीच्या खोकल्यापुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही.

खरा वाद पुढे झाला. भंगारवाला अडीच हजार द्यायला तयार होता. "कागदाचं काय करायचंय चाचा, आता कापूनच टाकणार," म्हणाला. मीही म्हटलं, देऊन टाका. अब्बा हलेनात. "गाडी गेली तरी चालेल, माझं नाव तिच्यावर राहायला नको."

मला तेव्हा तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. आता वाटतं, ते बरोबर होते. गाडी विकली तर चौदा दिवसांत कळवावं लागतं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. नाव बदललेलं नसेल तर अपघाताच्या भरपाईत कागदावरचा मालकच जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय. पण अब्बांची भीती अपघाताची नव्हती. कुठे काही घडलं आणि तिथे सापडलेल्या गाडीच्या कागदावर आपल्यासारखं नाव निघालं, तर पुढचे प्रश्न काय असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. निर्दोष आहोत हे सिद्ध करण्यात किती वर्षं जातात, तेही आपण पाहिलंय. ही भीती घेऊन साधी स्कूटर विकावी लागते, याचा मला राग येतो. पण राग येतो म्हणून कागद अर्धवट सोडावा, हे मला पटत नाही. आपल्याकडे सह्या करून कोरे फॉर्म देऊन टाकायची सवय फार आहे. ती मोडा.

नोंदणी रद्द करायला कार्यालयात चार खेपा झाल्या. बाहेर एजंट म्हणत होता, एका दिवसात करून देतो. अब्बा पंचाहत्तरीत रांगेत उभे राहिले. चॅसी नंबरचा तुकडा कापून जमा करायचा होता. मेकॅनिकने कटर लावला तेव्हा ते मागे वळून उभे राहिले आणि माझ्याकडे चहाचे पैसे मागू लागले, खिशात स्वतःचे असताना.

नोंदणी रद्द झाल्याचा कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतलाय. किल्ली अजून दाराजवळच्या खिळ्यावर आहे. झाडताना अम्मी ती उचलते, पुसते आणि परत तिथेच लावते.