शोधण्याचीही मजुरी असते

मोटारसायकल रात्री चांगली उभी केली आणि सकाळी सेल्फ दाबला तर नुसता कट्-कट् आवाज. बॅटरी उतरलेली. धक्का मारून किंवा किक मारून गाडी कशीबशी सुरू करावी, गॅरेजवर न्यावी, तर उत्तर ठरलेले असते : ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ नवी बॅटरी पडते. पंधरा-वीस दिवस, कधी दोन महिने गाडी बरी चालते. मग पुन्हा एका सकाळी तोच कट्-कट्. धाराशिव शहर असो, कळंब असो की उमरगा, हा अनुभव घेतलेला माणूस शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

या दुखण्याला बहुतेक वेळा बॅटरी जबाबदार नसते. चावी बंद असतानाही वायरिंगमधून कुठेतरी थोडा थोडा करंट वाहत असतो आणि तो बॅटरी पिऊन टाकतो. हा दोष शोधता येतो, आणि त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. तरीही तो शोधला जात नाही. का शोधला जात नाही, हा प्रश्न आपल्या धंदेवाईक वाचकांसमोर ठेवण्यासाठी हा लेख. आपल्या वाचकांत गॅरेजवाले, ऑटो इलेक्ट्रिकवाले आणि बॅटरी विक्रेते बरेच आहेत, तेव्हा काही गोष्टी कडू लागतील.

आधी नुकसान कोणाचे होते ते पाहू. भूम-परंडा भागात दूध आणि खव्याचा धंदा मोठा आहे. पहाटे मोटारसायकलला कॅन बांधून निघणाऱ्या माणसाची गाडी अर्धा तास अडली, तर त्याचा त्या दिवसाचा हिशेब बिघडतो. शिक्षक, आशा कार्यकर्त्या, कारखान्याच्या पाळीवर जाणारे कामगार यांचेही तेच. एस.टी. वेळेवर नसलेल्या गावात मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही. शिवाय गाड्याही बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. आता पेट्रोल पंपाला आणि इसीयूला वीज लागते. बॅटरी पार बसली तर अशा अनेक गाड्या किक मारूनही धड सुरू होत नाहीत. पूर्वी बॅटरी गेली म्हणजे हॉर्न आणि इंडिकेटर गेले एवढेच व्हायचे, आता गाडीच उभी राहते.

हिशेब सोपा आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत साधारण ४ अँपिअर-अवरची बॅटरी असते असे धरा. चावी बंद असताना ५० मिलिअँपिअर करंट गळत असेल, तर चोवीस तासांत १.२ अँपिअर-अवर जातात. दोन दिवसांत निम्म्याहून अधिक बॅटरी रिकामी, आणि ऐंशी तासांत संपूर्ण. तोच करंट एक मिलिअँपिअर असेल तर ती बॅटरी संपायला साडेपाच महिने लागतील. डिजिटल घड्याळ किंवा इसीयू असलेल्या गाडीत एखाद-दोन मिलिअँपिअर जाणे स्वाभाविक आहे. नेमकी मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ५० मिलिअँपिअर मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता यातली गोम पाहा. रोज चालणाऱ्या गाडीत हा दोष लपून राहतो. रात्रीच्या बारा तासांत जे गळले ते दिवसभराच्या फिरण्यात पुन्हा भरले जाते. मालक लग्नासाठी एस.टी.ने दोन दिवस बाहेरगावी गेला, की परत आल्यावर गाडी मेलेली. नवी बॅटरी टाकली की ती ताजी असल्यामुळे काही आठवडे तग धरते, आणि ‘काम झाले’ असे मालकाला व मेकॅनिकलाही वाटते. दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरली आणि तशीच पडून राहिली, तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती चार्ज घेईनाशी होते. आमच्या भागात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या उष्णतेत हे आणखी लवकर होते. म्हणजे मेकॅनिक ‘बॅटरी मेली’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. बॅटरी खरोखरच मेलेली असते. तिला मारले कोणी, एवढाच प्रश्न कोणी विचारत नाही.

मीटर लावण्याची रीत

ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावे. पण मी पाहिले आहे की चांगले, जुने, हाताला वळण असलेले कारागीरही येथे अडतात. इंजिनचे त्यांना सगळे कळते. आवाज ऐकून टॅपेट की चेन ते सांगतील. वायरिंगचा कपलर समोर आला की मात्र अंदाज सुरू होतो. राजदूत-येझदीच्या सहा व्होल्टच्या काळात वायरी इतक्या थोड्या होत्या की बोटांनी चाचपून दोष सापडे. ते दिवस गेले.

आधी बॅटरी बाहेर काढून पूर्ण चार्ज करावी, काही तास तशीच ठेवावी आणि मग व्होल्ट मोजावे. १२.६ ते १२.८ च्या आसपास आले आणि दुसऱ्या दिवशीही टिकले, तर बॅटरीत जीव आहे. गाडीला न जोडताच ती रात्रीतून १२ च्या खाली आली, तर दोष तिच्यातच आहे, पुढे शोधण्याची गरज नाही. मग बॅटरी लावून इंजिन सुरू करावे, थोडी रेस द्यावी आणि टर्मिनलवर पुन्हा मोजावे. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. तेराच्या खालीच राहिले तर मॅग्नेटची कॉइल, आर.आर. युनिट किंवा मधला एखादा जळका कपलर तपासावा. पंधराच्या वर गेले तर आर.आर. युनिट बॅटरी शिजवते आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो. त्यामुळे गल्लीबोळात दोन-दोन मिनिटे फिरणाऱ्या आणि दर वेळी सेल्फ मारणाऱ्या गाडीची बॅटरी, काहीही दोष नसताना, हळूहळू उपाशी पडू शकते. अशा गिऱ्हाइकाला दोष समजावून सांगणे हेच काम.

बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक निघाले, तरच गळती शोधायची. चावी बंद करावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. मीटर अँपिअरवर, आधी दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये ठेवावा, आणि त्याची एक पिन निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरी सोडवलेल्या वायरीला लावावी. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जाईल. आकडा लहान असेल तर मिलिअँपिअरच्या रेंजवर यावे. मीटर असा जोडलेला असताना चावी चालू करू नये आणि सेल्फ तर मुळीच दाबू नये. मीटरचा फ्यूज उडतो, आणि साध्या मीटरच्या दहा अँपिअरच्या सॉकेटला फ्यूजच नसतो, तेथे मीटरच जातो. अलार्म किंवा इसीयू असलेल्या गाडीत जोडताच आकडा मोठा दिसतो आणि काही मिनिटांनी खाली बसतो, तेवढे थांबावे.

आकडा जास्त आहे ना? मग गाडीचा फ्यूज काढा. आकडा शून्यावर आला तर गळती फ्यूजच्या पुढे आहे : इग्निशन स्विच, हॅण्डलजवळची वायरिंग, मीटर-कन्सोल. तेथले कपलर एकेक सोडवत जावे, ज्या कपलरला आकडा पडेल त्या वाटेने पुढे जावे. हॅण्डल वळते त्या मानेपाशी वायरिंग घासून तांबे उघडे पडणे हा नेहमीचा प्रकार आहे, आणि शेतातल्या कोठ्यात उभ्या असलेल्या गाडीची वायर उंदराने कुरतडणे हाही. फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर गळती फ्यूजच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीला सरळ जोडलेल्या कशात तरी आहे. अनेक गाड्यांत आर.आर. युनिटची लाईन थेट बॅटरीवर येते. त्याच्या आतला डायोड फुटला तर करंट उलटा कॉइलकडे वाहतो. युनिटचा कपलर काढताच आकडा पडला, तर चोर तोच. काही गाड्यांत ही लाईनही फ्यूजमधूनच येते, म्हणून फ्यूजने आकडा पडला तरी युनिट एकदा सोडवून पाहावेच. सेल्फचा रिलेही याच पद्धतीने पाहावा.

या सगळ्याआधी मात्र बाहेरून बसवलेल्या वस्तू पाहाव्यात. माझ्या मते अर्धे काम येथेच संपते. एलईडी फॉग लाईट, मोठा हॉर्न, मोबाईल चार्जर, अलार्म, जीपीएस ट्रॅकर. बसवणारा दहा मिनिटांत काम उरकतो. सीट काढतो, बॅटरीवरून डायरेक्ट लाईन घेतो, वायरी पिळून टेप गुंडाळतो. मोबाईल चार्जर फोन लावलेला नसतानाही थोडा करंट खातच राहतो. चावीवरून येणाऱ्या लाईनने रिले चालवला आणि स्वतंत्र फ्यूज दिला, तर हा प्रश्न उद्भवत नाही. दहा मिनिटांऐवजी अर्धा तास लागतो, एवढाच फरक. अलार्म आणि ट्रॅकर यांना कायमची लाईन लागते हे खरे, पण मग आपली वस्तू उभ्या गाडीत किती करंट खाते हे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला सांगायला हवे. ते कोणी सांगत नाही.

अनेक गॅरेजांत मीटरऐवजी इंडिकेटरचा बल्ब लावून गळती पाहतात. बल्ब पेटला तर शॉर्ट, न पेटला तर सगळे ठीक. हे चूक आहे. बारा व्होल्ट, दहा वॉटचा बल्ब पूर्ण पेटायला जवळजवळ पाऊण अँपिअर लागतो. ५० मिलिअँपिअरला त्याची तार लालसुद्धा होत नाही. म्हणजे ज्या गळतीने बॅटरी दोन दिवसांत बसते, ती या बल्बला दिसतच नाही. टर्मिनलला वायर टेकवून ठिणगी पाहणे तर याहून बेभरवशाचे.

मजुरी कोणी द्यायची?

तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मीटर मिळतो. बॅटरी हजार-दीड हजारांची. मग मीटर का लागत नाही? केवळ मेकॅनिकचे अज्ञान किंवा बेइमानी असे म्हणून मोकळे होता येणार नाही. गिऱ्हाइकाकडेही पाहावे लागेल.

गळती शोधायला कधी वीस मिनिटे लागतात, कधी दोन तास. शेवटी सापडते काय, तर घासलेली एक वायर. तिला दोन रुपयांची टेप लागते. मेकॅनिकने दोनशे रुपये मागितले की मालक म्हणतो, ‘टाकलं काय एवढं? टेपच तर गुंडाळली.’ तोच मालक नव्या बॅटरीचे बाराशे रुपये मुकाट देतो, कारण हातात वस्तू दिसते. आपल्याकडे वस्तूची किंमत दिली जाते, अकलेची दिली जात नाही. मग कारागीर काय करणार? तो वस्तूच विकणार. बॅटरीवर त्याला सुटते, जुन्या बॅटरीच्या शिशाचे वेगळे सुटते, आणि वेळ लागतो पाच मिनिटे. डॉक्टरने नुसते तपासून ‘औषधाची गरज नाही’ म्हटले तरी आपण फी देतो. गॅरेजवर हा न्याय का नाही?

पण हे कारण पुढे करून मेकॅनिकलाही सुटता येणार नाही. दोष न शोधता माल गळ्यात मारणे ही, गिऱ्हाईक स्वतः मागत असले तरी, प्रामाणिक कमाई होत नाही. मापात पाप फक्त तराजूवर होते असे नाही. यावर उपाय आहे आणि तो गॅरेजच्या फळ्यावर लिहिता येतो : ‘वायरिंग तपासणी अमुक रुपये. दोष येथेच दुरुस्त केल्यास ही रक्कम मजुरीत धरली जाईल.’ सुरुवातीला चार गिऱ्हाइके कुरकुर करतील, दोघे समोरच्या गॅरेजला जातील. त्यांतला एक तिसरी बॅटरी घेतल्यावर परत येईल.

काही गॅरेजवाले म्हणतात की नव्या गाड्यांचे वायरिंग डायग्राम आम्हाला मिळतच नाहीत, ते फक्त शोरूमकडे असतात. ही तक्रार खरी आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू झाले, आणि ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात करायची ठरली त्यांत वाहने आहेत. पण नळदुर्गच्या किंवा येरमाळ्याच्या कारागिराला मराठीत छापलेला डायग्राम हातात मिळत नाही तोवर त्या हक्काचा त्याला काय उपयोग? गॅरेजवाल्यांनी एकेकट्याने नव्हे, एकत्र येऊन ही मागणी केली पाहिजे. नीती आयोगाने २०१८ साली या जिल्ह्याला, तेव्हाच्या उस्मानाबादला, आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतले. कौशल्य विकास हा त्या कार्यक्रमाचा एक भाग आहे. आयटीआयमध्ये संध्याकाळी काम करणाऱ्या मेकॅनिकांसाठी पंधरा दिवसांचा मीटरचा वर्ग घ्यायला फार मोठा निधी लागणार नाही. दहावी नापास झालेली, गॅरेजात पाना धरायला राहिलेली आपली पोरे त्या वर्गात बसली पाहिजेत. बॅटरीवरच्या स्कूटर रस्त्यावर आल्या आहेत. त्यांत टॅपेट नाही, कार्बोरेटर नाही, ऑइल नाही. ज्याला मीटर वाचता येत नाही त्याला त्या गाडीत हात घालायला जागाच नाही, आणि तेथले व्होल्टेज जास्त असल्याने अंदाजाने हात घालणे धोक्याचेही आहे.

जुन्या बॅटरीबद्दल दोन शब्द. २००१ चे नियम जाऊन २०२२ मध्ये नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांनुसार जुनी बॅटरी भंगारात किंवा उकिरड्यावर जाता कामा नये. शिसे विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. विनाकारण बदललेली प्रत्येक बॅटरी हा तेवढाच जास्तीचा विषारी माल होय.

मालकांनी एवढे करावे. गाडी गॅरेजवर सोडताना ‘बॅटरी बघा’ असे न सांगता ‘रात्रीतून बॅटरी उतरते, गळती तपासा, तपासणीचे पैसे देईन’ असे सांगावे. गाडीला बाहेरून काय काय बसवले आहे तेही लपवू नये. काम झाल्यावर बिलामागे तीन आकडे लिहून घ्यावेत : बॅटरीचे व्होल्ट, इंजिन सुरू असताना चार्जिंगचे व्होल्ट आणि चावी बंद असताना जाणारा करंट. पुढच्या वेळी कोणी नवी बॅटरी टाकायला सांगितली, तर तो कागद त्याच्यासमोर ठेवावा.