पाहुण्या सर्पाचे पिलू आणि आपला कायदा

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाचे सामान उघडले, तेव्हा बिस्किटे व केक यांच्या पुड्यांतून अकरा जिवंत साप बाहेर निघाले. त्यांतील नऊ आफ्रिकेतील बॉल पायथन जातीचे अजगर होते आणि दोन अमेरिकेतील कॉर्न स्नेक. त्यानंतरही अशी वृत्ते थांबलेली नाहीत. जून २०२५ मध्ये याच विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाजवळ चक्क विषारी साप सापडले. जे पकडले जाते ते वृत्तपत्रात येते. जे सुटते ते कोणाच्या तरी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत जाऊन पडते, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

या अकरांपैकी ज्या दोघांकडे कोणाचेच फारसे लक्ष गेले नाही, त्या कॉर्न स्नेकविषयी आज आम्हाला लिहावयाचे आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील हा बिनविषारी सर्प. लिनियसने १७६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून, किंवा मक्याच्या कोठारात उंदरांमागे तो येतो म्हणून, त्याला हे नाव पडले असे सांगतात. स्वभावाने शांत, रंगाने देखणा आणि बंदिवासात सहज वीण देणारा असल्यामुळे पाश्चात्त्य देशांत तो घरोघरी पाळला जातो. आपल्याकडील निरुपद्रवी तस्कर सापाचा तो दूरचा भाऊबंद म्हणता येईल. तस्करीच्या मालात यावा असा या भावाचा योग, हा निव्वळ शब्दांचा खेळ.

परंतु ‘पाळावयास सोपा’ ही विक्रेत्याची भाषा आहे. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू जेमतेम वीतभर, पेन्सिलीएवढ्या जाडीचे असते. त्याला पाच ते सात दिवसांतून एकदा, डोळेही न उघडलेले उंदराचे एकच पिल्लू द्यावे लागते. ते सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून फार मोठे असता कामा नये. बर्फात गोठविलेले भक्ष्य पूर्ण वितळवून, कोमट करून, चिमट्याने पुढे धरावयाचे. खाल्ल्यावर निदान दोन दिवस पिलाला हात लावावयाचा नाही. लावला तर ते भक्ष्य ओकून टाकते, आणि मग दहाबारा दिवस त्याचे पोट रिकामे ठेवून पूर्वीपेक्षा लहान घास द्यावा लागतो. निसर्गात ही पिले पाली व झाडावरील बेडूक खातात. त्यामुळे काही पिले उंदराला तोंडच लावीत नाहीत. कात टाकण्याआधी डोळे निळसर होतात, तेव्हाही ती उपाशी राहतात. हौशी मालक घाबरतो, रोज नवा घास पुढे करतो, पिलू उचलून पाहतो, आणि त्या काळजीनेच त्याचा जीव घेतो.

सापाचे रक्त स्वतः ऊब निर्माण करीत नाही. म्हणून पेटीची एक बाजू तीस अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार आणि दुसरी चोवीसच्या आसपास थंड असावी लागते. दोन्हीकडे दडावयास जागा हवी, पाण्याचे भांडे हवे, झाकण पक्के हवे. बोटभर फटीतून हा प्राणी पसार होतो. हवेतील आर्द्रता चाळीस ते साठ टक्के असावी. कोकणपट्टीतील व गोव्यातील वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आषाढ-श्रावणात कपाटातील चपलांवर बुरशी धरते अशा आपल्या हवेत ही आर्द्रता राखावयाची कशी? आणि वैशाखात पेटीची थंड बाजू थंड ठेवावयाची कशी? दमट बिछायतीवर सापाच्या कातडीला फोड येतात आणि त्याच्या श्वसनमार्गाला संसर्ग होतो. त्यावर उपचार करू शकणारा पशुवैद्य गावागावांत मिळत नाही. नीट राखलेला साप पंधरा-वीस वर्षे जगतो. घरात कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आणलेला साप मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यावर आईच्या गळ्यात पडतो.

आता कायद्याकडे वळू. आपले नाग, धामण, घोणस हे सर्व वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांना बाळगणाऱ्यास तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो. हे योग्यच आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या परिशिष्टांतील परदेशी प्राण्यांसाठी चौथी अनुसूची निर्माण केली, आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. त्या पुड्यांतील नऊ अजगर या जाळ्यात येतात. दोन कॉर्न स्नेक येत नाहीत, कारण त्यांच्या जातीला जगात धोका नसल्याने ती त्या परिशिष्टांत नाही. सीमेवर ते पकडले जातात ते आयातीच्या निर्बंधांमुळे. एकदा सीमा ओलांडली की त्यांचा जन्म, विक्री, मृत्यू अथवा पलायन यांची कोठेही नोंद नाही.

जात संकटात आहे काय, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ती येथे सुटली तर कोणाला संकटात टाकील, हेही विचारावे लागते. ग्रान कनारिया बेटावर हौसेखातर आणलेला कॅलिफोर्नियाचा किंगस्नेक मोकळा सुटला आणि अन्यत्र कोठेही न आढळणारे तेथील सरडे त्याने खाऊन टाकले. खुद्द कॉर्न स्नेक कॅरिबियन समुद्रातील काही बेटांवर असाच उपरा होऊन स्थिरावला आहे. सह्याद्रीच्या उतारावर किती जातींच्या पाली व बेडूक केवळ येथेच राहतात, हे आम्ही सांगावयास नको. दुसरी शक्यताही तितकीच खरी आहे. तांबूस ठिपक्यांचा हा साप आपल्या परसात दिसला तर लोक त्याला घोणस समजून काठीनेच ठेचतील. अमेरिकेतही कॉपरहेड या विषारी सापाच्या भ्रमाने तो असाच मारला जातो.

उपाय नव्याने शोधावयाचा नाही. २०२२ च्या त्याच दुरुस्तीतील कलम ६२-अ ने उपऱ्या व आक्रमक जातींची आयात, व्यापार व बाळगणे यांवर अधिसूचनेद्वारे बंधन घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. घरी पाळण्यासाठी आणल्या जाणाऱ्या सर्व परदेशी सरीसृपांना ते बंधन लावावे. त्याआधी सध्याच्या मालकांना शिक्षेच्या भयाविना नोंदणीसाठी मुदत द्यावी, अन्यथा भीतीपोटी तेच साप रात्री रानात सोडले जातील. ज्यांना सांभाळणे जमत नाही त्यांच्याकडून प्राणी स्वीकारणारे एक तरी ठिकाण राज्य वनखात्याने जाहीर करावे, आणि तेथे गोठविलेले उंदीर, तापमापक व सरीसृपांची जाण असलेला पशुवैद्य या तीन गोष्टींची तरतूद प्रथम करावी.