एकछिन

सुनौलीची वेस ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. नेपाळ आपल्यापुढे आहे तो एवढाच. मी ते इमानेइतबारे केलं आणि गावात पोचल्यावर चार दिवसांत घड्याळ पिशवीत टाकलं. तिथे वेळेचं माप एकच, ‘एकछिन’. आपल्या ‘क्षणा’चाच तिकडे ‘छिन’ झालेला. ‘एकछिन बस्नुस्’ म्हणजे जरा बसा. मग ते जरा पाच मिनिटांचं असेल, नाहीतर म्हैस दोहून, चूल पेटून, चहा होऊन, शेजारीण येऊन जाईपर्यंतचं.

परदेशातल्या एखाद्या खेड्यात सेवेला जायचं ठरवलं असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. कोणी बसा म्हणालं की बसा. कामाची यादी हातात घेऊन उभे राहू नका. मी उभी राहिले होते, म्हणून सांगते.

साल २०१७. शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, गुडघे शाबूत होते. गोरखा जिल्ह्यात, दरौंदी नदीच्या खोऱ्यात तीन महिने गणित शिकवायला गेले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकजवळ. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. दोन वर्षं उलटूनही आमची शाळा पत्र्याखालीच भरत होती. पाऊस लागला की पत्र्याचा असा ताशा वाजे की फळ्याजवळ मी गप्प आणि बाकांवर पोरं गप्प. त्यात भातलावणी आली, शाळेला सुट्टी लागली. किती धडे झाले हे मी रोज वहीत लिहायचे आणि रात्री चिडून झोपायचे. हिमालय पाहू म्हटलं, तर तीन महिन्यांत ढगांनी दोनदाच तोंड दाखवू दिलं.

ज्या घरी राहात होते तिथली आमा माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असेल. पण सगळं गाव तिला आमा, म्हणजे आई, म्हणे, म्हणून मीही. घरातल्या एका पोरीला सगळे ‘बहिनी’ म्हणत. मी ऐकलं ‘वहिनी’. तेरा वर्षांची पोर आणि कोणाची वहिनी? आठवडाभर पोटात गोळा घेऊन वावरले. मग कळलं, बहिनी म्हणजे धाकटी बहीण. ‘कोदो’चं तसंच. मी समजले कोद्रा. पाहते तर आमच्या चिपळूणची नाचणी! तिचा घट्ट ढिंडो करतात. त्याचा गोळा चावायचा नाही, आमटीत बुडवून सरळ गिळायचा. मी चावत बसले की आमा तोंडाला पदर लावून हसायची.

एका संध्याकाळी पिंढीवर, म्हणजे त्यांच्या ओटीवर, आमाने माझ्यापुढे मक्याच्या वाळक्या कणसांचं सूप सरकवलं. मी नखांनी एकेक दाणा उचकटायला लागले. तिने माझ्या हातातलं कणीस घेतलं, दाण्यांच्या दोन ओळी काढून वाट केली आणि अंगठ्याच्या बुडाने शेजारची ओळ त्या वाटेत ढकलली. सरसर दाणे सुटले. पुढे रोज संध्याकाळी आमचं तेच चालू. अंगठ्याला फोड आला, फुटला, तिथे घट्टा पडला. शेजारचे एक काका त्या बैठकीतच मला विचारते झाले, ‘‘तुमच्याकडून गॅस का बंद झाला होता?’’ २०१५ च्या सप्टेंबरपासून चार-साडेचार महिने सीमेवर मालाच्या गाड्या अडकल्या होत्या. तिकडे त्याला ‘नाकाबन्दी’च म्हणतात. काय उत्तर देणार? माझ्याकडे नव्हतं. मी दाणे काढत राहिले, काकाही. उठून मात्र कोणी गेलं नाही.

असार महिन्याच्या पंधरा तारखेला, म्हणजे जूनच्या अखेरीस, लावणीच्या चिखलात बसून सगळा गाव दही-चिउरा खातो. आपले दही-पोहे. ‘पर्म’ म्हणून पद्धत आहे, आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या, आपल्याकडची इर्जिकच. मीही उतरले चिखलात. माझी रोपं वाकडी लागली ती एका म्हातारीने मुकाट्याने उपटून पुन्हा लावली. पोटरीला जळू लागली, तिच्यावर मीठ टाकायलाही तीच धावली.

असलं काही घडलं की त्याच रात्री लिहून ठेवा. ‘अविस्मरणीय अनुभव’ असं लिहू नका, ते कोणीही लिहील. म्हातारीच्या हातात मिठाची पुरचुंडी होती, ते लिहा. पहिला आठवडा फोटो काढू नका. दुसऱ्यांदा वाढलेलं घ्या, पण कोंबडी कापायला निघाले तर अडवा. ती त्यांना परवडत नसते.

आणि ‘किती साधं, सुखी जीवन’ असं मनातसुद्धा म्हणू नका. आमा पहाटे चारला उठायची. मुलगा कतारला होता. फोनला रेंज मिळायची ती गोठ्याच्या कोपऱ्यावर, तिथेच उभी राहून ती त्याच्याशी बोलायची. पहिल्यांदा मी कौतुकाने बघत राहिले. मग लाज वाटली. त्यानंतर फोन वाजला की मी आत जाऊन भांडी घासायला घ्यायची.

निघायच्या दिवशी जीप खाली रस्त्यावर येऊन थांबली. आमाने दही, तांदूळ, रंग कालवून कपाळभर टिका लावला. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, ‘‘एकछिन’’, आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आलीच नाही. खालून जीपवाला हॉर्न मारत होता. मी पिशवी खाली ठेवली आणि पिंढीवर बसले.