आयरिस लावण्याआधी त्याला ओळखा

आयरिसच्या कंदांच्या जाहिराती मोबाईलवर फिरू लागल्या की वाचक हमखास विचारतात, पुण्यात, नाशकात, ठाण्याच्या गॅलरीत हे फूल येईल का? माझे उत्तर स्पष्ट आहे. दाढीवाला आयरिस आपल्या हवेत लावू नका. पाने येतील, फुलाची आशा ठेवू नका, आणि पावसाळ्यात कंद सडेल.

यात तुमची मेहनत कमी पडत नाही. या झाडांचे मूळ भूमध्य समुद्राच्या भोवतालचे आणि पश्चिम आशियातले. तिथला हिवाळा थंड, उन्हाळा कोरडा. आल्यासारखा आडवा कंद जमिनीलगत पसरतो, त्याची पाठ उघडी ठेवून त्याला ऊन द्यावे लागते. खोल पुरला किंवा ओल्या पालापाचोळ्याने झाकला, तर जिवाणू शिरतात आणि आतला गर मऊ होऊन घाण वास सुटतो. एका कंदाला फूल एकदाच. पुढचा बहर त्याच्या बाजूला फुटलेल्या पिलांचा. म्हणून थंड प्रदेशातले माळी दर तीन-चार वर्षांनी, बहर सरल्यावर, गड्डा काढतात, जुना भाग टाकतात आणि पिले नव्याने लावतात.

फुलाकडे मात्र जरूर निरखून पाहा. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीवर मऊ केसांची पट्टी असते, तीच दाढी. तिच्यावर पाकळीसारखीच दिसणारी एक कमान येते. ती खरे तर स्त्रीकेसराची फांदी, आणि पुंकेसर तिच्या आड लपलेला. म्हणजे एकाच फुलात तीन बोगदे. मधासाठी भुंगा आत शिरताना कमानीच्या ओठाला त्याची पाठ घासते आणि आधीच्या फुलाचे पराग तिथे लागतात. मग तो पुंकेसराखालून जातो, नवे पराग अंगावर घेतो. परतताना तो ओठ उलट बाजूने ढकलला जातो, त्यामुळे स्वतःचे पराग सहसा लागत नाहीत. इतकी नेमकी मांडणी मी फार थोड्या फुलांत पाहिली आहे.

आपल्या देशात हे फूल पाहायचे तर काश्मीरला जा. तिथला पांढरा दाढीवाला आयरिस पिढ्यान्पिढ्या कबरींवर लावला जातो. स्थानिक लोक त्याला मझारमुंड म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावातच काश्मीर ठेवला, आयरिस काश्मिरियाना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजमधले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी तुर्कस्तान आणि आसपासच्या भागांतून मोठ्या फुलांचे आयरिस मागवून संकर केले. आजचे उंच, भरदार वाण त्याच वाटेने घडले, आणि काश्मीरच्या पांढऱ्या फुलाचाही त्या संकरांत वाटा आहे.

आपल्या बागेत याच कुळातले काही लावायचेच असेल, तर ठिपक्यांच्या नारिंगी फुलांचा बिबट्या लिली लावा. जनुकीय अभ्यासानंतर 2005 पासून त्यालाही आयरिसमध्येच धरतात, आणि आपला उन्हाळा त्याला सोसतो. काश्मीरला एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये गेलात, तर थोडा वेळ काढून मझारमुंड पाहा. कबरीवरचे फूल तोडू नका आणि कंद उपटून आणू नका.